कर्ता दाखवा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत लिफ्टजवळ एक पाटी होती : ‘लिफ्टमधून प्राणी नेल्यास कारवाई करण्यात येईल.’ बाई चौथ्या मजल्यावर राहायला आल्या आणि त्याच आठवड्यात त्यांनी सेक्रेटरींना जिन्यात गाठलं.

“माणूस हा प्राणी नाही का?”

सेक्रेटरी गडबडले. “बाई, आम्हाला कुत्रे म्हणायचंय.”

“मग कुत्रे लिहा. आणि कारवाई कोण करणार?”

“म्हणजे, ती करण्यात येईल.”

“ते वाचलं मी. कोण करणार ते कुठे लिहिलंय?”

पुढच्या सभेनंतर पाटी बदलली : ‘मालकांनी कुत्रे जिन्याने न्यावेत. न नेल्यास सेक्रेटरी मालकाच्या घरी जाऊन समज देतील.’ इतकी वर्षं सेक्रेटरी कुणाच्या दारात गेले नव्हते. आता लिहिलंच आहे म्हटल्यावर बिचाऱ्यांना जावं लागायला लागलं. महिन्याभरात कुत्रे जिना चढायला शिकले.

बाई सरकारच्या विधी खात्यातून निवृत्त झालेल्या. कायद्यांचे मसुदे लिहिणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कायदा मंत्री मांडतात, सभागृह मंजूर करतं, वर्तमानपत्रं त्यावर अग्रलेख लिहितात. पण त्यातलं एकेक वाक्य कुणीतरी टेबलाशी बसून जुळवलेलं असतं. त्या कुणीतरीचं नाव कायद्यावर कुठेच छापत नाहीत. राज्यातल्या कितीतरी कायद्यांमध्ये बाईंची वाक्यं आहेत, आणि ती कुठली हे फक्त बाईंना माहीत. विचारलं तर सांगायच्या नाहीत. “वाक्य सरकारचं झालं की ते आपलं नसतं,” म्हणायच्या.

निवृत्तीनंतर त्या ठाण्याला आमच्या संध्याकाळच्या लॉ कॉलेजात शिकवायला आल्या. मी तिथे करार कायदा शिकवत होते. दुसऱ्या मजल्यावर मी, चौथ्यावर त्या, त्यामुळे जाणं-येणं बरोबरच. कॉलेजात मुलांनी त्यांना ‘कर्ता दाखवा’ असं नाव ठेवलं होतं. कुणी उत्तरपत्रिकेत ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ असं लिहिलं, की त्या तेवढ्या ओळीखाली लाल रेघ मारून समासात हेच दोन शब्द लिहायच्या. वर्गात सांगायच्या, “मराठीत एक मोठी सोय आहे. करणाऱ्याचं नाव न घेता क्रियापद पूर्ण करता येतं. सगळ्या पळपुट्यांना ही सोय आवडते. तुम्ही वापरायची नाही.”

त्यांच्या घरात ‘वगैरे’ या शब्दाला बंदी होती. भाजीवाल्याने ‘मेथी, पालक वगैरे आहे’ म्हटलं, की त्या शांतपणे विचारायच्या, “वगैरे काय भाव?”

कायदा त्या कधी बसून वाचत नसत. साडीवर कॅनव्हासचे बूट चढवून गच्चीत जायच्या आणि येरझाऱ्या घालत मोठ्याने वाचायच्या. बसून वाचलं की डोळे चुका माफ करतात, कान करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. खालच्या मजल्यावर नवीन आलेल्या एका आजींना बरेच दिवस हे पारायण वाटत होतं. एकदा त्यांनी भक्तिभावाने विचारलं, “समाप्ती कधी आहे हो? प्रसादाला येईन म्हणते.” बाई म्हणाल्या, “अनुसूची बाकी आहे अजून. झाली की कळवते.” आणि खरोखरच, तो अधिनियम वाचून संपला त्या दिवशी त्यांनी आजींकडे रव्याचे लाडू पाठवले.

या बाई यंत्रांच्या कायद्याकडे वळल्या त्या दिवेकरांमुळे.

दिवेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते जवळच्या दिवा स्टेशनपाशी भाड्याच्या खोलीत राहायचे आणि आमच्या भागात मोटरसायकलवरून ऑनलाइन मागवलेला किराणा पोचवायचे, म्हणून बाईंनी ठेवलेलं नाव. मूळचे राजापूरकडचे, चाळिशी उलटलेले, दोन मुलींचे वडील. झुबकेदार मिशी आणि हळू बोलणं. बाई त्यांना बसायला खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि पाणी पिऊन होईपर्यंत स्वतःचं एखादं वाक्य वाचून दाखवून विचारायच्या, “कळलं का?” दिवेकरांनी मान डोलावली नाही तर ते वाक्य खोडलं जायचं.

एकदा बरेच दिवस दिवेकर दिसले नाहीत. मग एका दुपारी आले ते सामान न घेता, कंपनीचा टी-शर्ट न घालता. डोक्याचा गोटा, मिशी नाही. मी बाईंकडेच बसले होते. मला आधी ओळखूच आले नाहीत. बाईंना आले.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“वडील,” दिवेकर म्हणाले. “गावी गेलेलो. तेरावं करून आलो.”

त्यांचं दुःख तेवढ्यावर थांबलेलं नव्हतं. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी त्यांच्या ॲपला चेहरा दाखवावा लागे. गावाहून परत आल्यावर त्यांनी चेहरा दाखवला, तर ॲप म्हणालं, जुळत नाही. पुन्हा दाखवला, उजेडात जाऊन दाखवला. मग संदेश आला आणि सगळं बंद. तो संदेश त्यांनी बाईंपुढे धरला : ‘सुरक्षेच्या कारणास्तव आपले खाते बंद करण्यात आले आहे.’

बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. “कुणी बंद केलं?”

“यंत्राने, बाई. एआय आहे म्हणतात.”

“यंत्र कुणाचं?”

“कंपनीचंच असणार.”

“मग कंपनीने बंद केलं, असं का नाही लिहिलं?”

दिवेकरांनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, “बाई, डोकं केलं ते बापासाठी. आता त्याचा पुरावा कुठे लावू?”

बाईंनी त्यांच्या फोनवरून मदत मागायचा प्रयत्न केला. पलीकडून उत्तर आलं, ‘आपली गैरसोय मी समजू शकतो.’ बाईंनी टाइप केलं, ‘मी म्हणजे कोण?’ उत्तर आलं, ‘मी आपला आभासी सहायक.’ बाईंनी फोन दिवेकरांना परत दिला आणि बूट चढवले. म्हणाल्या, “ऑफिस कुठे आहे यांचं?”

ते ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये होतं. आम्ही तिघं गेलो. काउंटरवर एक मुलगी होती, आमच्या विद्यार्थिनींच्याच वयाची. तिने समोरच्या पडद्यावर पाहिलं.

“मॅडम, सिस्टममध्ये ‘चेहरा जुळत नाही’ असं दाखवतंय.”

“ते सिस्टमला वाटतं. तुला काय वाटतं? हा जुना फोटो बघ आणि हे बघ. एकच गृहस्थ आहेत का?”

मुलीने फोटो पाहिला, दिवेकरांकडे पाहिलं. “हो. एकच आहेत. कळतंय ना.”

“मग खातं सुरू कर.”

“ते मला नाही करता येत, मॅडम. मला फक्त बघता येतं.”

“कुणाला करता येतं?”

“वरती.”

“वरती म्हणजे? कितव्या मजल्यावर?”

मुलीचे डोळे भरून आले. “खरंच माहीत नाही, मॅडम. आम्हालापण नुसता मेसेजच येतो.”

बाईंचा आवाज एकदम उतरला. “तुझी काही चूक नाही, बाळ,” असं म्हणून त्या वळल्या. बाहेर फुटपाथवर उभं राहून मला म्हणाल्या, “बघितलंस? माणूस बसवलाय. खुर्ची दिलीय, गळ्यात ओळखपत्र दिलंय. फक्त अधिकार तेवढा दिलेला नाही.”

त्यानंतर दिवेकर मेव्हण्याच्या टपरीवर वडे तळायला लागले. पुढे मिशी वाढली, डोक्यावर केस आले आणि एका सकाळी ॲपने त्यांना ओळखलं. ते सामान घेऊन आले तेव्हा बाईंनी विचारलं, “कुणी सुरू केलं?” दिवेकर म्हणाले, “कोण जाणे. केस आले, सुरू झालं.” बाईंनी ‘सुरू झालं’ एवढे दोन शब्द कागदावर लिहिले आणि खाली लाल रेघ मारली. 

या गोष्टीला फार दिवस झाले नसतील, तेवढ्यात बाईंचा एक जुना विद्यार्थी त्यांना भेटायला आला. आमच्याच कॉलेजात शिकून तो गावी परत गेला होता आणि लांबच्या एका मतदारसंघातून खासदार झाला होता. त्याच्याच आवाजातलं, तो कधीही न बोललेलं एक भाषण कुणीतरी यंत्राकडून बनवून गावोगाव पसरवलं होतं. तो चिडलेला होता. त्याला लोकसभेत एआयवर खासगी विधेयक मांडायचं होतं. म्हणजे सरकारने न आणता एखाद्या खासदाराने स्वतः मांडलेलं. सोबत कुणाकडून तरी लिहून घेतलेला मसुदाही त्याने आणला होता.

बाईंनी पहिलं पान वाचलं. “‘स्वतःहून निर्णय घेणारे कोणतेही यंत्र.’ ये जरा माझ्याबरोबर.” आणि त्या खासदाराला न्हाणीघरात घेऊन गेल्या. “हा माझा गिझर. पाणी तापलं की स्वतःहून बंद होतो, कुणाला विचारत नाही. याची दिल्लीत नोंदणी करायची का?”

“बाई, तसं नाही. माणसासारखा विचार करणारं यंत्र म्हणायचंय.”

“माणसासारखा म्हणजे कुणासारखा? माझ्यासारखा, का खोटं भाषण बनवणाऱ्यासारखा?”

खासदार हसला. मग म्हणाला, “म्हणूनच आलोय तुमच्याकडे. तुम्ही लिहा.”

पुढचे काही आठवडे बाई दुसरं काही करत नव्हत्या. गच्चीतल्या येरझाऱ्या वाढल्या. रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये बैठक बसायची. बाई, मी, आणि माझा धाकटा भाऊ. त्याची घोडबंदर रोडला छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. बाईंनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. कायदा ज्याला टोचणार आहे तो खोलीत नसेल तर कायदा खोटा होतो, असं त्या म्हणायच्या.

भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला, “बाई, तुम्ही आज जे यंत्र डोळ्यापुढे ठेवून लिहाल, ते कायदा होईपर्यंत भंगारात गेलेलं असेल.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणून यंत्राचं नाव घालायचंच नाही. नाव बदललं की कायदा मेला. ते माणसाला काय करतं, तेवढं लिहायचं. माणूस काही इतक्यात बदलत नाही.”

दुसऱ्या रविवारी भाऊ म्हणाला, “आमच्यासारखे लोक परदेशातलं यंत्र भाड्याने घेतात. दिवेकरांचीच कंपनी बघा, ती बंगळुरूची, यंत्र दुसऱ्याच देशात, आणि ते आत काय करतं ते घेणाऱ्यालाही दिसत नाही. मग आपल्या संसदेचा कायदा लागणार कुणाला?”

बाईंनी त्याला उलट विचारलं, “दिवेकरांना ‘नाही’ कुठे ऐकू आलं?”

“दिव्यात.”

“मग कायदा दिव्यात लागतो. ‘नाही’ कुणाच्या नावाने म्हटलं?”

“कंपनीच्या.”

“मग उत्तर कंपनीने द्यायचं. आतल्या यंत्राशी तिने काय भांडायचं ते भांडावं.”

भावाने वही मिटली. मग त्याने मनातलं सांगितलं. “बाई, मला पटतंय. पण माझ्याकडे मोजकी माणसं आहेत. यंत्राने म्हटलेल्या प्रत्येक ‘नाही’मागे मी माणूस कुठून बसवू? मोठ्या कंपन्या बसवतील. तुमच्या कायद्याने आधी मी मरेन.”

मला वाटलं, बाई आता त्याला झापणार. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या दिवशी बैठक तिथेच संपली. पुढच्या रविवारी त्यांनी नवीन कागद आणला होता. “तुझं म्हणणं खरं आहे,” त्या माझ्या भावाला म्हणाल्या. “गाणं कुठलं ऐकावं, चप्पल कुठली घ्यावी, यात तुझ्या यंत्राला काय हवं ते म्हणू दे. पोट, औषध, शाळा आणि घर. या चार ठिकाणी ‘नाही’ म्हटलं तरच माणूस हवा.”

ते कलम अखेर असं झालं :

‘ज्या व्यक्तीची उपजीविका, उपचार, शिक्षण किंवा निवारा यंत्राच्या निर्णयामुळे थांबेल, तिला, तो निर्णय बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसापुढे, आपले म्हणणे मांडण्याचा हक्क राहील. ज्याच्या नावाने निर्णय कळवला, त्याने तो माणूस नेमावा.’

बाईंनी ते दिवेकरांना वाचून दाखवलं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, “ती काउंटरवरची मुलगी. तिला बदलायचा अधिकार नव्हता. ते यात आलंय.” बाईंनी मान हलवली. त्या दोघांच्या मध्ये मी उभी होते. मी आयुष्यभर कायदे शिकवले. एखादा कायदा कुणाच्या तरी चेहऱ्यावरून कागदावर उतरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

खासदाराला कायद्यात शिक्षा घालायला हवी होती. तुरुंग नसेल तर कडक कायदा कसा म्हणायचा, असं तो फोनवर म्हणत होता. बाई म्हणाल्या, “तुरुंग घातलास तर टाळ्या मिळतील. पण कंपनी म्हणजे काही माणूस नाही, तुरुंगात कुणाला बसवशील? त्या काउंटरवरच्या पोरीला बसवतील.” खोट्या आवाजाबद्दलचं प्रकरण त्यांनी त्याला हवं तसं चोख लिहून दिलं, बनवणाऱ्याने ‘हे बनवलेलं आहे’ असं त्यावर सांगायचं, पसरवणाऱ्याने कळताक्षणी काढायचं. त्याच्या बदल्यात त्याने बाईंच्या कलमाला हात लावायचा नाही, असा सौदा ठरला. त्याने तो पाळला, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

मसुद्याचं इंग्रजी बाईंनी स्वतःच केलं आणि तो खासदाराकडे पाठवला. खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारी मांडतात. बाईंच्या हॉलमध्ये आम्ही टीव्ही लावून बसलो. माझा भाऊ काम सोडून आला होता, दिवेकर हेल्मेट मांडीवर घेऊन. सभागृहात बाकं बरीचशी रिकामी होती. खासदार उभा राहिला, विधेयक मांडण्याची अनुमती मागितली, लांबलचक नाव वाचलं. पीठासनावरून विचारणा झाली, थोडे ‘हो’ ऐकू आले. खासदार म्हणाला, मी विधेयक मांडतो. पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं गेलं. मी चहा टाकलेला होता, तो उकळायच्या आत सगळं आटपलं.

दिवेकरांनी विचारलं, “झाला कायदा?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मांडला नुसता.”

“मग कधी होणार?”

“बहुतेक होणारच नाही. खासगी विधेयकं सहसा होत नाहीत. चर्चेलाही येत नाहीत. सभागृहाची मुदत संपली की आपोआप रद्द होतात.”

दिवेकरांनी मांडीवरचं हेल्मेट खाली ठेवलं. माझा भाऊ जरा चिडून म्हणाला, “बाई, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? मग इतके रविवार कशासाठी?”

“आजवर सरकारला म्हणता येत होतं, असं कुणी सुचवलंच नाही,” बाई म्हणाल्या. “आता म्हणता येणार नाही.” आणि त्यांनी चहा मागितला.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच झालं. विधेयक चर्चेला आलं नाही. पण ते संसदेच्या कागदपत्रांत छापलेलं होतं, कुणालाही वाचता येत होतं. आमच्या कॉलेजात मी ते अभ्यासाला लावलं. बाईंनी परवानगी दिली ती एका अटीवर : लेखक म्हणून त्यांचं नाव कुठेही घ्यायचं नाही. मी अट पाळली, आणि वर्गात ते कलम वाचताना दर वर्षी माझा आवाज जरा जास्तच चढायचा. मुलांना वाटायचं, मॅडमना हा विषय फार आवडतो.

नंतर बाईंनी डोंबिवलीचं घर विकलं आणि त्या खडवलीला बहिणीकडे राहायला गेल्या. गेल्या वर्षी केंद्राच्या एका समितीने यंत्रांच्या निर्णयांबद्दल एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. कायदा नव्हे, मसुदाच, तोही इंग्रजीतून. मी तो कॉलेजात बसून वाचत होते आणि मधल्या एका पानावर थबकले. ‘निर्णय बदलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती.’ पुढे उपजीविका, उपचार, शिक्षण, निवारा. त्याच क्रमाने. मी फोन केला नाही. मला बाईंचा चेहरा बघायचा होता. रविवारी सकाळी कागद पिशवीत घालून मी खडवलीला गेले.

बाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी काही न सांगता ते कलम इंग्रजीतून वाचायला सुरुवात केली. त्यांचे हात चालूच होते. ‘बदलण्याचा अधिकार’ आला तेव्हा मी जरा थांबले आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. “पुढे वाच,” म्हणाल्या.

पुढे आणखी एक ओळ होती. निर्णय कळवणाऱ्याने त्याचे कारण त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत सांगावे.

बाईंचे हात थांबले.

“परत वाच ती ओळ.”

मी वाचली.

“तिला समजेल अशा भाषेत,” त्या स्वतःशीच मराठीतून म्हणाल्या. “जन्मभर मी मराठीतून कायदे लिहिले. हे मला कसं सुचलं नाही?”

“बाई, वरचं सगळं तुमचंच आहे,” मी म्हणाले. मला ते बोलायचंच होतं, त्यासाठीच तर आले होते. “शब्दसुद्धा तेच. तुम्ही ओळखलं नाही का?”

“ओळखलं की. पण ते झालं आता जुनं.” त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि चष्मा वर सरकवून ती शेवटची ओळ बोटाने धरली. “कुणीतरी बसलंय बघ तिथे टेबलाशी. चांगलं डोकं आहे. कोण असेल?”

“नाव नाहीये कुठे.”

“नसणारच.” त्यांचा चेहरा उजळला होता. मला वाटलं होतं, त्या स्वतःच्या ओळीवर तशा हसतील. बाईंनी मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या आणि आत स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बहिणीला हाक मारली.

“अगं, बाहेर ये जरा. कुणीतरी काय सुरेख वाक्य लिहिलंय, ऐक.”